सात घरांचा पेरा

लग्न करून मी भाईंदरला आले तेव्हा मला वाटलं होतं, शेतीतून सुटले एकदाची. माहेरी खुरपून खुरपून जीव नकोसा झाला होता. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला, म्हणजे महिन्याला पगार, घरात नळ आणि पायाखाली फरशी, एवढाच माझा हिशेब. पहिल्याच पावसाळ्यात नवऱ्यानं, म्हणजे आमच्या तात्यारावांनी, पिशवी भरली आणि म्हणाले, पेरणीला जाऊन येतो. मी म्हटलं, कसली पेरणी? तेव्हा मला कळलं की सासरी सासू-सासऱ्यांखेरीज एक टेकडीपण आहे आणि तिचंही सगळं करावं लागतं.

ती टेकडी म्हणजे जालन्याकडच्या आमच्या गावाचं गायरान. सरकारी जमीन, गुरं चरायची. आमच्या लोकांकडे बापजाद्यांची जमीन नव्हतीच, म्हणून माझे सासरे आणि वस्तीतली आणखी सहा घरं यांनी मिळून त्या टेकडीचा उतार धरला. दगड वेचले, वेचलेल्या दगडांच्या उताराला आडव्या ताली घातल्या, म्हणजे पावसाबरोबर माती खाली जायला नको. जमीन नावावर होईल, होईल म्हणत दोन पिढ्या संपल्या, ती काही झाली नाही. पण एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. दरसाल पेरा पडलाच पाहिजे. एक वर्ष जमीन मोकळी दिसली की गेली. तलाठ्यानं अतिक्रमणाचा दंड ठोकला की आमच्याकडे लोक खूश व्हायचे, कारण दंड लागला म्हणजे ही जमीन आम्ही कसतो हे सरकारच कबूल करतंय. असं आनंदानं दंड भरणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे सातही घरं पोटापाण्याला इकडे आली. कुणी भाईंदरला, कुणी नालासोपाऱ्याला, एक घर थेट कल्याणच्या पलीकडे. मग मोठ्या माणसांनी बसून पाळी लावून दिली. दरसाल एका घरातला एक माणूस गावी जाईल आणि सातही घरांचं पेरून येईल. पेरायचं काय, तर हुलगे. त्या खडकात दुसरं काही धरतच नाही. निंदणी, काढणी तात्यारावांच्या बहीण सुगंधाआक्का करायच्या, त्या अजून गावातच राहतात. थंडीत त्यांच्याकडून एक पोतं यायचं आणि भाईंदर पश्चिमेच्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की त्याचे सात वाटे व्हायचे. येऊन-जाऊन एवढ्या खर्चात बाजारातले हुलगे पोत्यांनी आले असते. मी हे एकदा बोलून दाखवलं तर तात्याराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाळी लावून दिली खरी, पण ती सातांची राहिली नाही. दशरथभाऊंची शुगर निघाली. जीवनला कंपनीत सुट्टी मिळेना. कुणाच्या पोराची दहावी आली, तर कुणाच्या सुनेचं बाळंतपण. दरवेळी फोन यायचा, तात्या, यंदा तेवढं तुम्ही बघा, पुढच्या साली मी नक्की. आणि आमचे तात्याराव कुणाला नाही म्हणाले असते तर मी वेगळ्याच घरात राहिले असते. कारखान्यात होते तोवर सुट्ट्या तिकडे गेल्या आणि रिटायर झाल्यावर तर काय, लोकांना हक्काचा माणूसच मिळाला. पोरं लहान असताना आम्ही कुठे म्हणजे कुठे फिरायला गेलो नाही. पावसाळा आला की हे टेकडीवर आणि मी केबिन रोडवर जिन्याखालच्या माझ्या जागेत, मशीनवर ब्लाउज शिवत.

घरात पोटमाळ्यावर एक स्टीलचा डबा आहे. कारखान्यातून पोचा पडून बाद झालेला. त्यात बियाण्याचे हुलगे राख लावून ठेवलेले असतात. पोतं आलं की तात्याराव ताट घेऊन बसायचे, टपोरे, भरलेले दाणे बोटानं बाजूला करायचे आणि ते डब्यात जायचे. राहिलेले मी शिजवायचे. त्या डब्याला मी कधी हात लावला नाही, म्हणजे लावायची हिंमतच नव्हती. एकदा घरात काही नव्हतं तेव्हा झाकण उघडलं होतं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गपचूप झाकण लावलं आणि शेजारच्या मंजुलाबेनकडून डाळ आणली.

आता यंदाचं सांगते. माझा धाकटा लोकेश. मोठी मानसी लग्न होऊन पुण्याला गेली, ती सुटली. लोकेशनं सिव्हिलचा डिप्लोमा केला, वर उपग्रहाच्या फोटोवरून नकाशे काढायचा कोर्स केला आणि मीरा रोडला एका एजन्सीत लागला. या एजन्सीला सरकारी कामं मिळतात. कोरडवाहू भागातली गावं घ्यायची, गावात पाऊस किती पडतो, जातो किती, मुरतो किती याचा ताळेबंद मांडायचा आणि कुठे चर खणायचे, कुठे बंधारा घालायचा, कुठे ठिबकवर काय पीक घ्यायचं याचा आराखडा करून द्यायचा. मग ग्रामसभा तो मंजूर करते आणि कामं निघतात. मला यातलं नवल काही वाटलं नाही. मी लहान होते तेव्हापासून आमच्या भागात पाण्याच्या योजना येतायत. दर थोड्या वर्षांनी नाव बदलतं, फलक बदलतो. उन्हाळ्यात टँकर येतो तो मात्र तसाच, गळका.

या खेपेला योजनेत आमचंच गाव लागलं. लोकेशनं मुद्दाम ते काम मागून घेतलं. तात्यारावांची छाती एवढी फुगली की जयंतीच्या दिवशी विहारात भेटेल त्याला सांगत सुटले, आपल्या गावाचा पाण्याचा नकाशा आपलं पोरगं काढतंय. ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, त्या वस्तीतलं पोरगं आता गावाला पाणी दाखवणार. खरं सांगते, मलाही भरून आलं होतं. मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या.

जयंतीनंतरच्या आठवड्यात लोकेश घरूनच काम करत होता. दुपारची वेळ. मी दुकान बंद करून जेवायला घरी आलेले. त्यानं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, पप्पा, या, तुम्हाला गाव दाखवतो वरून. तात्यारावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे त्यांना जग नव्यानं दिसत होतं. खुर्ची ओढून बसले. लोकेश सांगत होता, ही शाळा, हे मारुतीचं देऊळ, ही आपली वस्ती. हे ओळखत होते आणि लहान पोरासारखे हसत होते. मग टेकडी आली. सगळी पांढुरकी, आणि तिच्यावर निळ्या रेघा मारलेल्या.

लोकेश शिकवायला लागला. पाणी अडवायचं तर माथ्यापासून पायथ्याकडे यायचं. वर चर खणायचे, सगळ्या उतारावर सलग, एका पातळीत. पाऊस पडला की पाणी चरात थांबतं, मुरतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. वर गवत लावायचं, झाडं लावायची, नांगर आणि जनावरं काही वर्षं बंद.

तात्यारावांनी बोट स्क्रीनला टेकवलं. "अन् हे पांढरं काय?"

"पडीक आहे ते, पप्पा. गव्हर्नमेंटची जागा. म्हणून तर तिकडे फुल चर घेतलेत."

"अन् आपलं कुठाय?"

"हे बघा, नाल्याच्या बाजूला. याला मी टच पण नाही केलं. बरोबर बाहेर काढलंय."

तात्याराव बराच वेळ नाल्याकाठच्या त्या हिरव्या तुकड्याकडे पाहत राहिले. मी हातातलं ताट तसंच धरून उभी. मला आधीच कळलं होतं.

"ते आपलं न्हाई," तात्याराव म्हणाले. "तिथं तुझी आत्या रोजानं जायची."

लोकेश लहानपणी दोन-तीनदाच गावी राहिला होता. आक्का त्याला सकाळी बरोबर घेऊन जायच्या, नाल्याकाठी त्या शेतात बांधावर बसवायच्या आणि दिवसभर खुरपायच्या. पोरानं पाहिलं, आत्या रोज इथे राबते, म्हणजे हे आपलंच. त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. टेकडीवर त्याला कुणी नेलंच नव्हतं. तिकडे सावली नाही, पोराला ऊन लागेल म्हणून. आता तेच शेत त्यानं जपून, कडेकडेनं रेघ मारून वाचवलं होतं. दुसऱ्याचं शेत. आणि आपलं पडीक म्हणून टाकलं होतं, कारण फोटो उन्हाळ्यातला. उन्हाळ्यात आमच्याकडे जमीन आणि खडक यांत फरक काय दिसणार.

तात्यारावांनी आणखी एक विचारलं. पांढऱ्यावर त्या बारीक काळ्या आडव्या रेषा दिसतायत, त्या काय? लोकेशचा आवाज एव्हाना खाली गेला होता. म्हणाला, ते जुनं काम आहे, दगडी बांध, डिपार्टमेंटनं केलेलं असणार म्हणून तसं टाकलंय. तात्याराव "आसं" म्हणाले. तेवढंच. उठले, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि जेवायला बसले. त्या ताली त्यांच्या वडिलांनी घातल्या होत्या आणि पडलेले दगड दरसाल जाऊन यांनी बसवले होते.

पोरानं जेवण टाकलं आणि ऑफिसात फोन लावला. स्नेहल मॅडम म्हणून त्याच्या वरच्या आहेत, त्यांना सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. बाई चांगली वाटली, घाई न करता बोलत होती. ती म्हणाली, लोकेश, मला समजतंय, पण आपल्याला दोनच गोष्टी करता येतात. आहे तसं पडीक ठेवायचं, म्हणजे चर जातील. नाहीतर तिथे शेती होते असं दाखवायचं. पण गायरानावर शेती दाखवली की ते अतिक्रमण म्हणून वेगळ्या रंगात जातं. तो रंग तहसीलला दिसला की नोटीस निघते, आणि सध्या वरून काय दट्ट्या आहे ते तुला माहितीये. मग शेतीही जाईल आणि चरही होणार नाहीत. विचार करून सांग. ग्रामसभा एक मेला आहे, तोवर मी थांबवते.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वर तोंड करून हसावंसं नाही, पण अंगावरचं ओझं उतरल्यावर वाटतं तसं. यंदा पिशवी भरायची नाही. गुडघ्याला पट्टा बांधून हा माणूस दगडात तिफण ओढणाऱ्याच्या मागे फिरतोय आणि मी इकडे फोनकडे बघत बसलेय, हे यंदा नाही. हे मी बोलले नाही. पण इतक्या वर्षांचा संसार, न बोललेलं त्यांना कळतं. ताट उचलताना म्हणाले, तुझ्या मनासारखं झालं की गं. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. नुसते थकून म्हणाले, त्यामुळे मी ताटं घासायला घेतली.

रविवारी विहारात सगळ्यांना बोलावलं. सात घरांतली चार आली, बाकीची फोनवर. लोकेशनं मान खाली घालून सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. पोराला चार शब्द ऐकावे लागतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. पण कुणी आवाजच चढवला नाही. दशरथभाऊ म्हणाले, आता जातंय कोण पेरायला. जीवन म्हणाला, काका, माझ्या पोरांना तर गावाचं नाव पण येत नाही नीट, त्यांना हुलगे काय कळणार. एकजण म्हणाला, पण पाणी खाली कुणाच्या विहिरीत जाणार, हे पण बघा. वर आपण सोडायचं आणि खाली त्यांचा ऊस. ते बोलणं खरं होतं. सगळे हो म्हणाले. मी तात्यारावांकडे पाहत होते. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं की ही जमीन सात घरांची नव्हतीच. कितीतरी वर्षांपासून ती त्यांनी एकट्यांनीच धरून ठेवली होती आणि बाकीच्यांनी ती मनातून कधीच सोडली होती.

मग आक्कांना फोन लावला. त्या सत्तरीच्या पुढच्या. तिथे राहणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून त्यांना विचारणं भाग होतं. वस्तीची विहीर टेकडीच्या अगदी पायथ्याला आहे, ती संक्रांतीनंतर कोरडी पडते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच म्हणाल्या थांबा, टँकर आला वाटतं. मग म्हणाल्या, नाही, दुसरीच गाडी होती.

"तात्या, तुझे हुलगे मी काढीत आले," त्या म्हणाल्या. "कंबर ऱ्हायली न्हाई आता. आपल्या हिरीला पाणी येत आसंल तर यू दे बाबा. लई दिवस झाले टँकरची वाट बघून."

तात्याराव मांडी घालून बसले होते, ते गुडघ्यावर हात टेकून उठले. उठताना त्रास झाला, जीवननं हात दिला.

"देऊ," म्हणाले. "पर माझं एकच म्हणणं हाय. दिली म्हणून सांगायचं. सात घरांनी गावाच्या पाण्यासाठी जमीन दिली. पडीक व्हती म्हणून न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. पण मला मात्र त्या क्षणी माझ्या बरं वाटण्याची लाज वाटली. म्हटलं, हा माणूस एवढंच मागतोय.

लोकेशनं परत मॅडमना फोन केला. पडीक राहू दे, पण खाली एक ओळ टाकू का, या सात कुटुंबांनी जमीन सोडली म्हणून? मॅडमनी त्यालाही नाही म्हटलं नाही, प्रयत्न करते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, नमुन्यात तशी जागा नाही, ओळ वरच्या ऑफिसात गेली की गळते. ग्रामसभेत तोंडी मांडा, तिथे ठराव घेता येईल. तात्याराव म्हणाले, हेच बरं. लिहिण्यापेक्षा चार माणसांत बोललेलं बरं.

बापलेक तीस तारखेला निघाले. यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, निळी शबनम घेतली. पेरणीला जाताना जुने कपडे नेतात, त्यामुळे ही तयारी मला नवीन होती. रिक्षात बसवून मी दुकानात आले आणि दिवसभर एकाच ब्लाउजची बाही उसवून शिवत बसले. मंजुलाबेन आल्या, विचारलं, भाई कहाँ गए? मी म्हटलं, जमीन देने गए हैं. बेचा? म्हणाल्या. मी म्हटलं, नहीं, ऐसे ही.

परत आले ते सकाळी. मी दार उघडलं तर तात्यारावांच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ. मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, गावानं कधी नव्हे ते मान ठेवला. आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हटलं, सत्कार केला वाटतं जमीन दिली म्हणून?

"लोकेशच्या बापाचा केला," म्हणाले आणि शाल काढून घडी घालून टीपॉयवर ठेवली.

पुढचं लोकेशनं सांगितलं, ते अंघोळीला गेल्यावर. सभा शाळेच्या पटांगणात झाली. साहेब आले होते. नकाशा भिंतीवर दाखवला, लोकेशला बोलायला लावलं. त्यानं नाल्याकाठचं शेत आधीच नीट करून नेलं होतं, आपलं समजून वगळलेलं ते आता इतर शेतांसारखंच आराखड्यात धरलं होतं. चर मंजूर झाले, हात वर झाले. तेव्हा तात्याराव उठले. आमच्या सात घरांनी ही जमीन गावाच्या पाण्यासाठी दिली, तेवढी नोंद करा, म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. ग्रामसेवक चांगला माणूस आहे, लोकेश म्हणाला. तो नम्रपणेच बोलला की काका, जमीन सरकारचीच आहे, सरकारची जमीन सरकारला देता येत नाही, तसं लिहिलं तर मलाच विचारतील. मागून कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं, गंमत वाटली म्हणून हसलं. मग सरपंच म्हणाले, अरे, हे तर आपल्या नकाशावाल्या साहेबांचे वडील, यांना असं उभं ठेवू नका. शाल मागवली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. ज्या ठिकाणी गावानं त्यांच्या बापाला खाली बसवलं असतं, तिथे त्यांना खुर्ची दिली. आणि ज्यासाठी ते गेले होते ते तेवढ्यात राहून गेलं.

लोकेश सांगता सांगता थांबला. म्हणाला, आई, एक केलंय मी. ताली तशाच ठेवल्यात आराखड्यात. त्या मोडणार नाहीत, चर त्यांच्या मधून घेतलेत. मी विचारलं, आणि त्या कुणी घातल्या म्हणून लिहिलंय? तो म्हणाला, डिपार्टमेंट. नमुन्यात दुसरं काही घेतच नाही.

मी त्याला रागावले नाही. कुणावर रागवायचं, हेच मला त्या दिवशी कळत नव्हतं. मॅडम चांगली, ग्रामसेवक चांगला, सरपंचानं मान दिला, पाणी आलं तर आक्कांच्या विहिरीलाही येणार. सगळ्यांनी आपापलं काम बरोबर केलं होतं. आणि माझा माणूस आत बाथरूममध्ये नळ सोडून इतका वेळ काय करत होता, ते मला माहीत होतं.

दोन दिवस घर तसंच गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला तर तात्याराव स्टुलावर चढून पोटमाळ्यावरून डबा काढत होते. मी म्हटलं, अहो, पडाल. डबा खाली घेतला, फुंकरीनं वरची धूळ उडवली आणि माझ्यापुढे ओट्यावर ठेवला.

"भिजत घाल," म्हणाले.

मी म्हटलं, राहू द्या की, काय घाई आहे, बघू पुढच्या वर्षी. माझ्याच तोंडून हे निघतंय याचं मला आश्चर्य वाटलं. त्यांनी झाकण काढून बाजूला ठेवलं. मग मी परात घेतली. दोन-तीन पाण्यांनी राख धुतली. खाली दाणे तांबूस, गुळगुळीत, एकासारखा एक. इतके दिवस घरात होते पण मी त्यांना हात लावला नव्हता. दिवसभर भिजवले, संध्याकाळी फडक्यात बांधले आणि शिंकाळ्याला लावून ठेवले. उसळ करायची तर मोड यायला हवेत. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर गाठीतून मोड बाहेर आलेले. एक दाणा वांझ निघाला नाही. सगळेच्या सगळे उगवायला तयार होते. मी तिथे ओट्याशी उभी राहून रडले. ज्या टेकडीला मी जन्मभर शिव्या घातल्या, तिच्यासाठी मला रडू येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं.

कांदा, लसूण, काळा मसाला घालून उसळ केली. त्याच सत्काराच्या नारळाचं खोबरं किसून वर घातलं. घरात दुसरा नारळ नव्हता आणि तो देव्हाऱ्यात ठेवावा असा आमच्याकडे देव्हारा नाही. भाकरी थापल्या. तिघं खाली बसलो. लोकेश कधी हुलगे खात नाही, लहानपणापासून नाक मुरडायचा. त्या दिवशी त्यानं मुकाट्यानं वाढून घेतलं.

तात्यारावांनी पहिला घास बराच वेळ चावला. मी त्यांच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "चांगलं लागतंय गं. हे कधी खाल्लंच न्हवतं आपण. निवडलेलं सगळं जमिनीला घातलं अन् उरलेलं खाल्लं."

मला वाटलं, एवढं झालं तरी यातले मूठभर कोरडेच वेगळे काढून ठेवायला हवे होते. डब्याच्या तळाशी का होईना. पण मी सगळेच भिजवले होते, आणि मोड आलेलं बी काही परत डब्यात घालता येत नाही. मी विचारलं, अजून वाढू?

"वाढ," ते म्हणाले. "आता ठेवायचं कुणासाठी."